अध्यात्मात खरं काय हे शोधताना आपण कुठे उभे आहोत ते कसं बघायचं

ठाण्याच्या तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाकाठी, संध्याकाळी एक चक्कर मारा, कानात इयरफोन न घालता. गडकरी रंगायतनच्या बाजूला थांबून तलावाच्या मधल्या महादेवाच्या देवळाचा एक फोटो काढा, मग चालत चालत कोपिनेश्वरच्या बाजूला या, तिथून दुसरा काढा, अजून पुढे जाऊन तिसरा. घरी आल्यावर तिन्ही शेजारी ठेवा. देऊळ तेच आहे पण मागची झाडं वेगळी, दिवे वेगळे, एका फोटोत देवळाची जी बाजू दिसते ती दुसऱ्यात नाहीच. आणि एक गोष्ट तिन्ही फोटोंत कुठेच नाही, ती म्हणजे तुम्ही फोटो काढताना जिथे उभे होतात ती जागा.

देव, आत्मा, शांती, मोक्ष यातलं काहीही शोधताना हेच होतं. समोरचं दिसतं, त्यावर आपण मत पण देतो, पण ते कुठून बघितलं हे आपल्याच फोटोत येत नाही. ती जागा मुद्दाम वाकून बघावी लागते आणि ते कसं करायचं हे मी गेल्या सहा-सात वर्षांत जे शिकले त्यातून लिहितेय. मी कोणी अभ्यासक नाही, रोज ठाणे ते ऐरोली ट्रेनने ऑफिसला जाणारी बाई आहे, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या नौपाड्याच्या घरात आजी दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची, ती गेल्यावर आई म्हणायला लागली. दोन खोल्यांचं घर, त्यात तो आवाज. मला देव म्हटलं की मूर्ती नाही आठवत, आवाज आठवतो. मग आई गेली. तीन महिन्यांनी मी इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले. पहाटे चारला घंटा, फोन जमा, कोणाशी बोलायचं नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, मग शरीरावरच्या संवेदना. मी दहा दिवस पूर्ण केले पण आतून नुसती कासावीस होत होते आणि घरी येऊन सगळ्यांना ठामपणे सांगितलं की हा मार्ग कोरडा आहे, यात प्रेमच नाही.

माझा दादा खारघरला राहतो, तळोजा एमआयडीसीत कामाला आहे, आठ-दहा तास कॉम्प्रेसरच्या आवाजात. तो त्याच शिबिराला पुढच्या वर्षी गेला आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे भरून येत होते सांगताना, म्हणाला आयुष्यात पहिल्यांदा डोकं शांत झालं. आणि कीर्तनाला तो गोंगाट म्हणतो. त्या भाऊबीजेला आमचं यावरून असं भांडण झालं की वहिनीने शेवटी ताटं मांडून सांगितलं, आधी जेवून घ्या दोघं.

मला दोन वर्षांनी कळलं की मी विपश्यनेबद्दल बोलतच नव्हते. आई गेल्यावर घरातला आवाज बंद झाला होता आणि माझ्यासाठी शांतता म्हणजे आई नसणं. दादासाठी शांतता म्हणजे कामावरून सुटका. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर निकाल देत होतो आणि दोघांचा निकाल आपापल्या घराचा होता.

हे कळलं कशातून, तर वहीतून. म्हणून पहिलं काम वहीचं. साधी शंभर पानी वही घ्या, फोनमध्ये नको कारण फोनमध्ये आपण खोडतो आणि खोडलेलं दिसत नाही. पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा, खरा, ऐकायला छान वाटणारा नाही. 'आत्मा म्हणजे काय' असा प्रश्न बहुतेकांना रात्री झोपू देत नाही असं मला वाटत नाही, झोपू देत नाही तो 'बाबांना इतका त्रास का झाला' किंवा 'सगळं मिळालं तरी रिकामं का वाटतं' किंवा 'मी केलेली चूक कधी फिटेल का'. तो लिहा. त्याच्या खाली लिहा की हा प्रश्न पहिल्यांदा कधी पडला, कुठे होतात, कोण सोबत होतं. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर पडलेला प्रश्न आणि प्रमोशनच्या पार्टीनंतर पडलेला प्रश्न, शब्द सारखे असले तरी त्यांना वेगळी उत्तरं पटतात. पहिल्याला आधार हवा असतो म्हणून जो आधार देईल तो मार्ग खरा वाटतो, दुसऱ्याला अर्थ हवा असतो. यात चूक काही नाही, पण माहीत असायला हवं.

दुसरं पान घराचं. घरात काय शिकवलं ते नका लिहू, ते तुम्हाला पाठ आहे. न बोलता काय शिकवलं ते लिहा. देवघराला कोण हात लावायचं आणि कोण नाही, कोणाला बाजूला बसवायचे, कोणाच्या घरचा प्रसाद खायचा आणि कोणाचा हळूच ठेवून द्यायचा, कुठल्या देवाची चेष्टा चालायची, नवस चुकला तर काय होईल म्हणून भीती घातली. मला या पानाला तीन आठवडे लागले आणि ते लिहिताना खूप जड गेलं. पण इथेच कळतं की अमुक मार्ग 'मनाला पटत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा कितीदा तो पटत नसतो आणि कितीदा फक्त आपल्या घरातला नसतो.

इथे एक गैरसमज होतो तो काढते. लोकांना वाटतं आपली जागा ओळखायची ती पुसून टाकायला, म्हणजे मग शुद्ध सत्य दिसेल. मला असं अजिबात वाटत नाही. जागा लपवते तशी दाखवते पण. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात जाऊ दिलं नाही, त्यांची समाधी आज महाद्वारात नामदेव पायरीसमोर आहे. आणि त्यांच्या घरात त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी जो प्रश्न विचारला तो गाभाऱ्यात उभ्या असलेल्या कुणाला सुचला नव्हता, की विटाळ देहातच जन्मतो, विटाळाशिवाय कुठला देह तयार झालाय ते दाखवा, मग सोवळं कोण. बाहेर उभं राहिल्यामुळे दिसलेलं सत्य आहे ते, तेराव्या-चौदाव्या शतकातलं. सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला, ते मळा सोडून गेले असते तर तसा दिसला असता का. तेव्हा तुम्ही नर्स असाल, रिक्षा चालवत असाल, घरी आजारी सासऱ्यांचं करत असाल तर तुमच्या जागेवरून असं काहीतरी दिसतंय जे प्रवचन देणाऱ्याला दिसत नाही, ते वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा, ते तुमचं भांडवल आहे.

तिसरं, वाचन. आपण वाचतो ते बहुतेक आधीच पटलेलं. यूट्यूबवर एक प्रवचन ऐकलं की तो पुढची दहा तसलीच देतो, महिनाभरात असं वाटायला लागतं की अख्खं जग हेच म्हणतंय. यावर माझा उपाय असा आहे, दहा पुस्तकं नको, एकच ओळ घ्या आणि ती तीन वेगळ्या माणसांकडून समजून घ्या. छांदोग्य उपनिषदातलं 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', घ्या. शंकराचार्य म्हणतात ते ब्रह्म तूच आहेस, दोन नाहीतच. रामानुजाचार्य म्हणतात जीव हे ब्रह्माचं शरीर आहे, त्या नात्याने एक. आणि मध्वाचार्य आधीच्या शब्दापासून संधीच वेगळी फोडतात, 'अतत्त्वमसि' वाचतात, म्हणजे ते तू नाहीस! अक्षरं तीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घणसोली येईपर्यंत पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून बसले होते, माझं ऐरोली मागे गेलं होतं.

गीतेचं पण तसंच. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ ला छापून आलं, त्यात त्यांना गीतेत कर्मयोग मुख्य दिसला. देश पारतंत्र्यात असताना संन्यास घेऊन बसा असं सांगणारी गीता त्यांना कशी पटली असती. विनोबा १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात होते, समोर कैदी बसलेले, त्यांना गीता आईसारखी वाटते. आणि बाबासाहेबांनी तीच गीता वाचली ती चातुर्वर्ण्याने ज्यांना चिरडलं त्यांच्या बाजूने, त्यांना तिथे त्या व्यवस्थेचं समर्थन दिसलं. वाचताना 'बरोबर कोण' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि विचारा की या माणसाला काळजी कशाची होती. त्या काळजीतून वाचलं की प्रत्येकाचं म्हणणं आतून समजतं. नंतर खुशाल ठरवा कोण पटतं ते.

चौथी गोष्ट करून बघण्याची आणि इथे बहुतेक जण घाई करतात. सकाळी रामरक्षा, दुपारी कुठल्या तरी गुरूंचं ध्यानाचं ॲप, रात्री टॅरो, असं सगळं एकत्र केलं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. विपश्यनेच्या शिबिरात तेवढे दहा दिवस बाकी जप, पूजा, माळ सगळं बाजूला ठेवायला सांगतात, मला तेव्हा राग आला होता, आता त्यातलं शहाणपण कळतं. एका वेळी एक, ठरवलेले दिवस, आणि ते संपेपर्यंत निकाल द्यायचा नाही. रोज वहीत दोनच ओळी, आज काय झालं आणि आज दिवस कसा होता. दुसरी ओळ विसरू नका! झोप झाली नव्हती, साहेबांशी वाद झाला, पाळी आली होती, हे सगळं ध्यान कसं झालं यात मिसळतं. महिन्याने वाचलं की दिसतं मार्गाचं किती आणि त्या दिवसाचं किती.

आणि नरहरी सोनारांची गोष्ट तर माहीत असेलच, ते कट्टर शैव, पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड बघायचे नाहीत. विठ्ठलाच्या कमरेच्या करगोट्याचं काम आलं, माप सांगितलं तसा बनवला तर कधी मोठा कधी छोटा. शेवटी डोळे बांधून स्वतः माप घ्यायला गेले, हाताला लागला तो शंकर, डोळे उघडले तर विठ्ठल. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की ते गेले. नको वाटत असताना, डोळे बांधून का होईना पण गेले आणि स्वतःच्या हाताने माप घेतलं. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर करगोटा बसत नव्हता.

पाचवं, आपल्या उलट माणसाशी बोलणं. ठाण्यात तर हे सोपं आहे, मासुंदा तलावाभोवती अर्ध्या तासाच्या चालण्यात कोपिनेश्वर आहे, पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे, टेंभी नाक्याकडे जैन मंदिर, पारशांची अग्यारी, आणि बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू लोकांचं १८७९ सालचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ. तिथे जाणारं कोणीतरी तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात असतंच. त्यांना 'हे खरं कशावरून' विचारू नका, माणूस लगेच बचावात जातो. 'तुम्हाला यातून काय मिळतं' आणि 'कधी डळमळलात का' हे दोन प्रश्न विचारा आणि मग मधे न बोलता ऐका, चहा थंड झाला तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं ऐकून कोणी म्हणेल म्हणजे ज्याचं त्याचं सत्य, विषय संपला. नाही. हे मी मनापासून नाही मानत. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीत प्रत्येकाचं चुकतं ते 'एवढंच' म्हणण्यात, पण हत्ती तिथे असतोच, आणि कोणी म्हणालं की हे सगळं म्हणजे उंदीर आहे तर तो चूकच आहे. जैन लोक विधानाआधी 'स्यात्' म्हणतात त्याचा अर्थ 'कदाचित' असा लावतात बरेच जण, तसा नाहीये, 'एका बाजूने बघता' असा आहे, आणि त्या बाजूने बघता ते विधान पक्कंच असतं. बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, हा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग सोडून देतात, की स्वतः जाणून घ्या ही गोष्ट कुशल आहे की अकुशल, तिने हित होतं की दुःख वाढतं, आणि शहाणी माणसं तिला काय म्हणतात. म्हणजे नुसतं 'मला वाटतं' पण चालत नाही.

मी एका सत्संगाला दीड वर्ष जात होते, तिथे प्रश्न विचारला की तुमचा अहंकार बोलतोय म्हणायचे, आणि एका काकूंना बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. तिथे मी माझी जागा वगैरे तपासत बसले नाही, निघाले, काकूंना पण डॉक्टरकडे घेऊन गेले. प्रश्नाला बंदी, औषधाला बंदी, घरच्यांपासून तोडणं, सारखी भीती घालणं आणि पैसे, यातलं काही दिसलं तर तिथून उठा. तिथे दृष्टिकोनाचा प्रश्न नसतो.

शेवटचं काम वर्षातून दोनदा करायचं. पहिल्या पानावरचा तोच प्रश्न नव्या पानावर लिहायचा, जुनं उत्तर न वाचता आज काय वाटतं ते लिहायचं, आणि मग मागचं पान उघडायचं. मी आषाढी आणि कार्तिकी एकादशीला करते, उपास असतो त्यामुळे स्वयंपाकाची घाई नसते. या आषाढीला दादा आला होता, मी हरिपाठ म्हटला तेव्हा तो उठून गॅलरीत नाही गेला, भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मग तो ध्यानाला बसला तेव्हा मी पण शेजारी बसले, वीस मिनिटं. मला आईची आठवण आली, पण त्या शांततेत ती पहिल्यांदाच दूर नाही वाटली. वहीत तेवढंच लिहिलंय, आता कार्तिकीला बघायचं काय लिहिलं जातं.