सीमाभागातील अभ्यासमंडळाने बेलफास्ट करार कसा वाचावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील अभ्यासमंडळाने उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवण्यासाठी झालेला १० एप्रिल १९९८ चा हा करार वाचताना आरंभ विधानसभेतील मतदानाच्या नियमांपासून करावा, कारण सत्तावाटपाचे मर्म तेथेच आहे. प्रत्येक सदस्य आपली नोंद युनियनवादी (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारा), राष्ट्रवादी (अखंड आयर्लंड हवा असणारा) किंवा अन्य अशी करतो. कळीच्या ठरावाला एकूण बहुमतासह युनियनवादी व राष्ट्रवादी या दोन्ही गटांचे बहुमत, किंवा एकूण ६० टक्के आणि प्रत्येक गटाचे किमान ४० टक्के पाठबळ लागते.

हे कागदावर पडताळावे. सहा युनियनवादी आणि चार राष्ट्रवादी अशी सभा कल्पिली, तर सहा मतांनी ६० टक्के भरूनही ठराव पडतो. राष्ट्रवाद्यांपैकी दोघे ठरावाच्या बाजूने आले तरच तो तरतो. मात्र हीच रचना अडवणुकीलाही वाव देते: सरकारचे संयुक्त प्रमुख असलेले प्रथम मंत्री व उपप्रथम मंत्री यांपैकी एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते, आणि २०१७ ते २०२० कारभार असाच ठप्प झाला होता.

तुलना जपून करावी. आपला वाद भाषेचा आणि राज्यसीमेचा आहे, तेव्हा शेवटची बैठक भारतीय संविधानातील भाषिक अल्पसंख्याकांशी निगडित अनुच्छेद ३५० ते ३५०ख यांच्या वाचनासाठी राखावी.