लिंबू-मोसंबीचं कलम घरी कसं करायचं: खुंटाच्या बीपासून डोळा भरेपर्यंत

नाशिकमध्ये कलम म्हटलं की आधी द्राक्षच आठवतं. डॉगरिज खुंटाची (खुंट म्हणजे ज्यावर कलम करतात ते खालचं मुळांचं झाड) काडी लावा, ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर मारा, पट्टी गुंडाळा, झालं. लिंबूवर्गीय झाडांचं तसं नाही, इथे खुंट काडीपासून नाही तर बीपासून करतात आणि त्याला कारण आहे. रंगपूर लाईम किंवा जंबेरी या खुंटासाठी वापरायच्या लिंबूवर्गीय जातींच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात आणि त्यातली बहुतेक रोपं अगदी आईच्या झाडासारखीच निघतात, परागाचा त्यात हातच नसतो. शिवाय ट्रिस्टेझा नावाचा जो व्हायरस मोसंबीच्या बागा वाळवतो तो बीतून येत नाही, काडीतून येतो. म्हणजे बीचा खुंट स्वच्छही आणि एकसारखाही. डोळा भरायचं, म्हणजे काडीवरचा फुटीचा अंकुर खुंटाच्या सालीखाली बसवायचं काम एका दुपारी शिकता येतं हो, पण कलम पुढे कसं चालणार हे त्याआधीच्या वर्षभरात ठरतं, आणि तिथेच लोक घाई करतात.

खुंट कुठला घ्यायचा

आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीला रंगपूर लाईम घ्या. पाण्याचा ताण सोसतो, ट्रिस्टेझालाही दाद देत नाही. जंबेरी वाढते झपाट्याने पण पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लवकर धरते, म्हणून निफाडसारख्या भारी जमिनीत मी तरी ती लावणार नाही. रंगपूरचं फळ दिसतं संत्र्यासारखं नारिंगी आणि आंबट असतं लिंबासारखं, त्यामुळे ओळखायला सोपं. झाडावर पूर्ण पिकलेलीच फळं घ्या, खाली पडलेली नको.

बी काढणं आणि पेरणं

फळाला मधोमध फक्त साल कापली जाईल एवढीच चीर द्या आणि दोन्ही हातांनी पिळून फिरवा, आरपार सुरी घातली की निम्म्या बिया कापल्या जातात. बिया राख लावून चोळा म्हणजे बुळबुळीतपणा जातो, मग पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. सावलीत काही तास सुकवा. उन्हात अजिबात नाही. हे बी ज्वारी-गव्हासारखं वाळवून डब्यात भरून ठेवायचं नसतं, वाळलं की मेलं. कुणी वर्षभर जुनं कोरडं पाकीट देत असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

फळं पिकतात थंडीत आणि नेमकी तेव्हाच निफाडचा पारा पेपरात झळकत असतो. लिंबूवर्गाची वाढ साधारण १३ अंशांच्या खाली थांबते, त्यामुळे डिसेंबरात पेरलेलं बी नुसतं पडून राहतं आणि कुजायची भीती. त्यापेक्षा बुरशीनाशक चोळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीजरमध्ये नाही!) आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरा. पोयटा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत समान घ्या, थोडा ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी) मिसळा. नुसती काळी माती वापरलीत तर ती तडकते आणि कोवळी मुळं तुटतात. बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल, पाणी सकाळीच, झारीने. दोन-तीन आठवड्यांत उगवतं.

निवड

आता खरं काम. रोपं बोटभर झाली की वाफ्याकडे नीट बघा, बहुतेक सगळी एका उंचीची, एकसारख्या पानाची दिसतील. त्यात काही खुजी असतात, काही एकदमच उंच पळालेली, काहींचं पान वेगळं. ही सगळी उपटा. उंच पळालेलं रोप उपटायला हात धजत नाही, वाटतं हेच तर जोमदार आहे, पण ते बहुधा संकरातून आलेलं असतं, त्याचा स्वभाव काय निघेल सांगता येत नाही. राहिलेली रोपं चार-सहा इंचांची झाली की किमान फूटभर खोल पिशवीत हलवा. हलवताना प्रत्येकाचं सोटमूळ बघा, जमिनीखाली लगेच हुकासारखं वळलेलं असेल तर ते रोप वरून कितीही हिरवंगार असो, टाकून द्या. ते झाड पुढे कधीच नीट पाय रोवत नाही.

मग साधारण वर्षभर सांभाळायचं. खालच्या फूटभरातले काटे आणि बाजूच्या फुटी कोवळ्या असतानाच काढा. पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, हाताने वेचा. पानात पांढऱ्या वळणावळणाच्या रेषा दिसल्या तर नागअळी, निंबोळी अर्क मारा.

डोळा भरणं

खोड पेन्सिलीएवढं झालं की वेळ आली. नाशिकला दोन वेळा बऱ्या: पाऊस उघडल्यावर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. एकीकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, दुसरीकडे काढणी, म्हणजे कलमवाला माणूस दोन्ही वेळा मिळणार नाही, स्वतःच शिका. जुलै-ऑगस्टच्या रिपरिपीत करू नका, पाणी चिरेत जातं.

काडी कुठून आणता याला सगळ्यात जास्त महत्त्व. शेजारचं झाड फळांनी लदलंय म्हणून त्याची काडी आणणं धोक्याचं, रोग नुसत्या डोळ्याला दिसत नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ, नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा खात्रीची परवानाधारक नर्सरी, एवढेच पर्याय. लिंबासाठी राहुरीच्या फुले शरबती, साई सरबती आहेत. काडी गोल झालेली हवी, तिधारी कोवळी नको. पानं कापून देठ तेवढे ठेवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळा.

चाकू दर झाडानंतर कपड्यांच्या ब्लीचच्या पाण्यात बुडवून पुसा. स्पिरिट पुरत नाही, कारण एक्झोकॉर्टिस नावाचा रोग चाकूवरून पसरतो आणि नेमका रंगपूरच त्याला बळी पडतो.

मातीपासून ९ इंच वर, गुळगुळीत जागी इंचभर उभी चीर द्या, तिच्या डोक्यावर छोटी आडवी. चाकूच्या टोकाने साल हलकेच उचला. ती ओलसर, सहज सुटून आली आणि आतलं लाकूड चकचकीत दिसलं तर खुंट तयार आहे. चिकटून फाटत असेल तर थांबा, पाणी द्या आणि आठवड्याने परत बघा. काडीवरून डोळा ढालीच्या आकारात, पातळ लाकडासह एका घावात काढा, देठाला धरून वरून सालीखाली सरकवा. कापलेल्या भागाला बोट लावू नका. वर राहिलेला तुकडा आडव्या चिरेशी जुळवून कापा आणि प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा, डोळा तेवढा उघडा ठेवा.

तीनेक आठवड्यांनी देठाला टिचकी मारा. पटकन गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर लागलं. देठ सुकून चिकटून बसला असेल तर गेलं, खुंटाच्या दुसऱ्या बाजूला परत भरा, खुंट काही वाया जात नाही. लागलं असेल तर पट्टी सोडा आणि डोळ्याच्या वर खुंट वाकवा किंवा थोडा छाटा, फूट चांगली लांब झाली की जोडाच्या (डोळा भरलेल्या जागेच्या) जरा वर तिरका काप देऊन खुंट उडवा.

लावताना

जोड मातीत गाडू नका, डिंक्या तिथूनच शिरतो. दुहेरी आळं करा (खोडाभोवती एक लहान, त्याच्या बाहेर दुसरं, पाणी बाहेरच्यात) म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. द्राक्षवाल्यांच्या घरी मोरचूद असतोच: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, ही बोर्डो पेस्ट पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला लावा. आणि जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट नखाएवढी असतानाच मोडा, नाहीतर दोन-तीन वर्षांत मोसंबी राहते बाजूला आणि रंगपूरची नारिंगी आंबट फळं लोणच्याला मिळतात.