कोकणातून मुलांचे थंडीचे कपडे-बूट ऑनलाइन विकताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मनालीला फिरायला गेलेल्या नाशिकच्या एका बाईंचा मेसेज आला. फोटो होता. बर्फात एक छोटा बूट आणि त्याच्या शेजारी त्याचाच सोल, वेगळा पडलेला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, चार दिवसच वापरलेत म्हणालात ना?’

म्हणाले होते, आणि खोटं नव्हतं ते. माझ्या मुलाने ते बूट खरोखरच एका ट्रिपला चार दिवस घातले. मग पुसून, खोक्यात भरून माळ्यावर टाकले. दोन पावसाळे तिथेच गेले. काढले तेव्हा वरून चकचकीत दिसत होते म्हणून फोटो काढला आणि विकले. नाशिकच्या त्या बाईंना पोस्टेजसकट पैसे परत केले, पण परक्या गावात, बर्फात त्यांना आपल्या पोरासाठी नवे बूट शोधत फिरावं लागलं ते लागलंच.

रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरने कमी करायचा. दापोलीकर थोडी ऐट करतात, आणि त्यांचा तो हक्कही आहे, पण जाड जाकीट तिथेही लागत नाही. म्हणजे आपल्याकडची मुलांची जाकिटं, कानटोप्या, बूट सगळे कुठल्यातरी ट्रिपसाठी घेतलेले. चार-पाच दिवस अंगाला लागतात आणि मग जून ते सप्टेंबर दमट हवा खात कपाटात पडून राहतात. विकताना आपण ‘एकदाच घातलंय’ असं मिरवतो. मुलाने एकदाच घातलं हे खरं, पण आपल्या हवेने ते वर्षभर वापरलेलं असतं.

सोल न वाकवता बूट विकणे

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून आधी हीच. बर्फाच्या आणि ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हलका, मऊ, उबदार. पण हवेतला ओलावा या पीयूला आतून तोडत राहतो. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. ऊब आणि दमटपणा जितका जास्त तितकं ते लवकर होतं, आणि बूट पायात असो की खोक्यात, होतंच. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस पाय टाकला की सोल शिळ्या केकसारखा भुगा होतो.

म्हणून जाहिरात टाकण्याआधी बूट दोन्ही हातांत धरून सोल चांगला वाकवा. कडेला अंगठ्याचं नख दाबा. भेगा पडल्या, नखाचा खड्डा तसाच राहिला किंवा बोटाला चिकट कण लागले, तर तो बूट गेला. फेव्हिक्विक लावून विकू नका. डिंक धरेल, पण ज्याला धरायचं तो सोलच विरघळतोय. रबराच्या किंवा ईव्हीए नावाच्या हलक्या फोमच्या सोलला हा रोग नाही. गमबूट, क्रॉक्ससारखी पादत्राणं त्यामुळे निर्धास्त विकता येतात. मात्र चिकटवलेला जोड कुठल्याही बुटाचा सुटू शकतो, तेवढा ओढून बघा.

हेच जाकिटाच्या अस्तरामागेही होतं. पाणी आत येऊ नये म्हणून जो पातळ लेप दिलेला असतो, तोही बऱ्याचदा पीयूचाच. जाकीट उलटं करून बघा. आतून चिकट लागत असेल, पापुद्रे सुटत असतील, तर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द जाहिरातीतून काढून टाका. तरीही उबेसाठी कुणी घेईल, स्वस्तात, सांगून.

वास आपल्याला येत नाही म्हणून नाही असं समजणे

माझी पुण्याची बहीण एकदा मी पॅक केलेला स्वेटर हुंगून म्हणाली, ‘गं, ह्याला सोड्यांचा वास येतोय.’ मला काही म्हणजे काही येत नव्हता! सोडे स्वयंपाकघरात, स्वेटर आतल्या खोलीत. पण लोकर वास धरून ठेवते आणि आपल्या नाकाला आपलं घर कळत नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला हुंगायला द्या, लाजू नका.

दुसरा वास डांबराच्या गोळ्यांचा. कसर लागू नये म्हणून आपण मूठभर गोळ्या टाकतो आणि तेच कपडे तसेच पाठवतो. त्या बहुतेकदा नॅफ्थलीनच्या असतात. जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात, असे कपडे नुसते अंगात घालूनही. घेणाऱ्यांच्या बाळाचं आपल्याला काय ठाऊक? तान्ह्यांचे कपडे तरी आधी चार-पाच दिवस उघड्या हवेत टांगा, मग धुवा. वर सेंट मारू नका. डांबर अधिक गुलाब हा वास मी एका पार्सलमध्ये घेतलाय, विसरता येत नाही.

बुरशीचे पांढरे ठिपके घरात झटकले तर बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसते. अंगणात न्या, उन्हात कोरड्या ब्रशने झाडा, मग धुवा. लोकरीला ब्लीच लावायचं नाही, लोकर पिवळी पडते आणि विरते. ओला स्वेटर दोरीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने लांबतो, तो चटईवर आडवा पसरून वाळवा. फुगीर जाकीट वरून सुकलेलं वाटलं तरी आतला कापूस ओला असतो. तसंच पिशवीत बंद केलं तर घेणाऱ्याच्या हाती कुबट वासाचा गोळा जातो.

खाऱ्या हवेने अडकलेल्या चेनवर मेणबत्ती किंवा पेन्सिलीचं टोक घासा, बहुतेक वेळा चालू होते. व्हेल्क्रोतला कचरा जुन्या टूथब्रशने निघतो.

वय लिहून मोकळं होणे

‘५ वर्षांच्या मुलासाठी’ यातून काहीही कळत नाही. काखेपासून काखेपर्यंतची रुंदी, बाहीची लांबी, एकूण उंची टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा. लेबलवर नुसतं ११० असेल तर ती युरोपियन पद्धत, ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी.

बुटांचा गोंधळ जास्त. एकाच बुटाच्या जिभेवर यूके ९, यूएस १०, युरो २७ असं तिन्ही छापलेलं असतं. शिवाय यूके पद्धतीत मुलांचे नंबर १३ वर संपतात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. नुसतं ‘९ नंबर’ लिहिलं की तो चार-पाच वर्षांच्या पोराचा की बाप्याचा, हे विचारणारे दहा मेसेज येतात. आतली सुखतळी बाहेर काढा, पट्टीवर ठेवा, फोटो काढा. संपला विषय. जाड मोज्यांसाठी पायापेक्षा साधारण एक सेंटिमीटर जागा जास्त हवी, हेही लिहून टाका.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, निळा स्वेटर जांभळा दिसतो. सकाळी पडवीत काढा. डाग, उसवलेली शिवण, झिजलेली टाच जवळून दाखवा. मुलाला कपडे घालून काढलेला गोड फोटो घरच्या ग्रुपवर ठेवा. अनोळखी लोकांत त्याचा चेहरा आणि शाळेचा बिल्ला कशाला?

हंगाम आणि वजन

जानेवारीत ट्रिपहून आलो की ‘पुढच्या वर्षी धाकटीला होईल’ म्हणून ठेवतो. धाकटीला होत नाही, कारण तेव्हा ट्रिपच नसते. धाकटं मूल आणि ठरलेली ट्रिप दोन्ही नसेल तर त्याच आठवड्यात विका. पीयू सोल असेल तर नक्कीच. बाकीच्या लोकरी वस्तूंना खरा भाव गणपती उठल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो, पुणे-नाशिककडचे लोक तेव्हाच शोधत असतात.

आता पार्सल. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. हे बहुतेकांचं गणित. अर्धा किलोचं जाकीट मी ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात दिलं, तर ४.८ किलोचे पैसे लागले. तेच हवा दाबून पिशवीत ३० बाय २५ बाय ८ झालं, तर १.२ किलो. आंब्याच्या रिकाम्या पेट्या घरात पडून असतात म्हणून त्यात भरायचा मोह होतो. टाळा. आकार मोठा, आणि भुंगे फुकट जातात. भरण्याआधी कपड्याला दोन तास कडक ऊन द्या, आत सिलिका जेलची पुडी टाका, मग प्लॅस्टिक, मग वरचं पाकीट.

तीनशे रुपयांखालची एकेक वस्तू विकू नये असं माझं मत झालंय. टोपी, मोजे, हातमोजे, मफलर एकत्र बांधून एकच भाव सांगा. ‘लास्ट किती?’ हा प्रश्न फोटो न बघताही येतो. त्याला एकदाच आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं.

पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करणे

‘मी लष्करात आहे, बदली झालीय, लगेच पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ भाव न करता, साइज न विचारता कुणी असं बोलायला लागला की समजून घ्या. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेताना ना पिन लागतो ना स्कॅन. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस बनावट असू शकतो, बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय पार्सल हातातून सोडू नका. गंडा बसलाच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात.

आणि खिसे तपासा, आतलेसुद्धा. मुलाच्या जाकिटाच्या चोरखिशात मला मुंग्या लागलेली अर्धी टॉफी आणि शिमल्याच्या हॉटेलची, २०४ नंबरची किल्ली सापडली. जाकीट गेलं सांगलीला. किल्ली अजून आमच्या फ्रिजवर आहे.