‘विंडहोव्हर’मधल्या एका क्रियापदापाशी

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी कवी हॉपकिन्सची ‘द विंडहोव्हर’, वाऱ्यावर तोलून राहणाऱ्या एका छोट्या ससाण्यावरची कविता, सुरू झाली की वर्गात सगळे माना खाली घालतात. मीही घातली होती. गाइडमधले अर्थ पेन्सिलीने समासात उतरवले आणि अंतर्गत परीक्षेत पंधरापैकी चार गुण घेऊन घरी आले.

पार्श्वभूमी तुमच्या नोट्समध्ये असेलच: जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातला) कवी, उत्तर वेल्समधलं सेंट बायनोज हे त्या संघाचं धर्मशिक्षणाचं कॉलेज, मे १८७७, धर्मगुरूची दीक्षा चार महिन्यांवर आलेली. कविता छापली गेली थेट १९१८ साली, कवी जाऊन एकोणतीस वर्षं झाल्यावर, मित्र रॉबर्ट ब्रिजेसमुळे. हे दोन ओळींत लिहा आणि पुढे चला. चरित्रावर पानभर लिहिणाऱ्याला कविता कळलेली नाही, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

पहिल्याच ओळीतल्या ‘कॉट’चा अर्थ मी ‘पकडला’ असा लिहिला होता. पक्षी कुणी पकडलेला नाही. तो पहाटे नजरेला पडलाय. ‘मिनियन’ म्हणजे चमचा नव्हे, लाडका. ‘डॉफिन’ म्हणजे फ्रान्सचा युवराज. एवढ्यापुरता शब्दकोश उघडा, मग मिटा आणि कविता मोठ्याने म्हणा. हॉपकिन्स अक्षरं मोजत नाही, आघात मोजतो. जात्यावरच्या ओवीत अक्षरं कमीजास्त झाली तरी ठेका सुटत नाही, तसंच काहीसं. पहिल्या आठही ओळी ‘इंग’वर संपतात, ‘किंगडम’ तर त्यासाठी मधोमध तोडलाय. डोळ्यांनी वाचलंत तर हा खटाटोप वाटेल, तोंडाने म्हटलंत तर पक्षी वाऱ्यावर तोललेला दिसेल.

हा पक्षी, केस्ट्रल, हिवाळ्यात आपल्याकडच्या माळांवरही येतो. मी त्याला लहानपणापासून पाहत आले होते, पण कवितेतला तो हाच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाऱ्याकडे तोंड, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, पंख थरथरताहेत आणि डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं जागच्या जागी. ते एकदा पाहिलंत की पहिल्या आठ ओळींना गाइड लागत नाही.

माझा घात झाला तो नवव्या-दहाव्या ओळीत. पक्ष्याचं सौंदर्य, शौर्य, डौल, पिसं, सगळ्याची यादी येते आणि मग एकच क्रियापद: ‘बकल’, पुढे उद्गारचिन्ह. माझ्या गाइडने लिहिलं होतं, बकल म्हणजे पट्टा आवळणं. ख्रिस्ताच्या सेवेसाठी योद्ध्याने कंबर कसली. मी तेवढंच लिहिलं. पण बकल म्हणजे भार न सोसून वाकणं, कोलमडणंही. समीक्षक विल्यम एम्पसनने १९३० सालीच हे दोन अर्थ समोरासमोर मांडले होते: सैनिकाचा पट्टा आणि वाकडं झालेलं सायकलचं चाक. शिवाय क्रियापदाचं रूप असं, की ‘हे सगळं इथे एकवटतं’ असंही वाचता येतं आणि ‘एकवटा!’ अशी आज्ञाही होते. म्हणजे अर्थ दोन, रूपं दोन. यातला एकच धरून बसलात की शेवटच्या तीन ओळी लोंबकळत राहतात. माझ्या राहिल्या.

मराठीत ‘कसणे’ जवळ येतं. कंबर कसतात, शेतही कसतात, आणि कवितेत पुढे नांगर येतोच. पण मोडण्याचा अर्थ ‘कसणे’त येत नाही, आणि तो तर हवाच.

कारण पुढे पाहा. पक्षी गेला. आता नांगर आहे, आणि निखारे. कष्टाने ओढलेला फाळ तासात घासून चकाकतो. निळसर राख चढलेले निखारे खाली पडतात, फुटतात आणि आतून सोनेरी-लाल रंग दिसतो. अहो, हे मला शिकवायला हवं होतं का? आमच्या गोठ्यात वर्षभर पडलेला फाळ गंजलेला असायचा आणि चार दिवसांच्या नांगरटीनंतर त्यात तोंड दिसायचं. आजी चुलीतलं लाकूड पुढे सरकवायची तेव्हा मेल्यासारखा दिसणारा निखारा निखळून फुटायचा आणि भडक लाल व्हायचा. आणि मी गाइडमधून उतरवत होते, ‘हे त्यागाचं प्रतीक आहे.’ चुकीचं नाही, पण त्यात निखाराच नाही.

कविता ख्रिस्ताला अर्पण आहे, म्हणून पहिल्या ओळीपासून ‘पक्षी म्हणजे ख्रिस्त’ असं समीकरण मांडू नका. उडताना सुंदर असणं वेगळं आणि मोडून पडताना कोट्यवधी पटीने तेजस्वी होणं वेगळं; क्रूस त्या दुसऱ्यात आहे. हे ख्रिस्ती श्रद्धेचं गणित आहे. त्याला वारी-भक्तीची फोडणी देऊन सोपं करणारे शिक्षक मला तेव्हाही आवडले नाहीत, आजही नाहीत.

कळत नाही म्हणून घाबरू मात्र नका. कवितेत ज्याला हाक मारलीय तो ‘शेव्हेलिए’, म्हणजे सरदार, नेमका कोण, वर्षभर डोकं आपटूनही पक्षी, ख्रिस्त की कवीचं स्वतःचं मन, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. उत्तरात तिन्ही शक्यता लिहा, आपण कुठल्या बाजूला झुकतो ते ओळ दाखवून सांगा. गुण मिळतात. दुसऱ्या वेळी मला मिळाले.

मी मोडण्याच्या बाजूची. ज्या सरांनी मला चार गुण दिले ते आवळण्याच्या बाजूचे, आणि गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा चहा गार होईपर्यंत आम्ही त्यावरच भांडलो.