टुटा ओळखताना आणि नोंदवताना या चुका टाळा

टोमॅटोच्या पानावर पांढरट डाग दिसला की ‘टुटा आला’ असं म्हणायची आता सवयच झाली आहे. त्याला कारणही आहे. टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी अळी ज्याची, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा पतंग २००६ मध्ये स्पेनमध्ये सापडला आणि अवघ्या आठ वर्षांत, २०१४ साली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या टोमॅटोवर पोहोचला. पण तांदळाच्या दाण्याएवढा करडा पतंग म्हणजे टुटाच, असं धरून चाललं तर फवारणीही चुकते आणि प्रसाराचा नकाशाही. एकदा छापून आलेली चुकीची नोंद पुढची वीस वर्षं कोणी ना कोणी वापरत राहतं, म्हणून हे लिहितो आहे.

नुसती रेघ पाहून नाव देणं

पानावर नागमोडी, बारीक, पांढरी रेघ असेल तर बहुतेक वेळा ती नागअळी असते. नागअळी ही एका छोट्या माशीची अळी. तिला पाय नसतात, वेगळं दिसणारं डोकं नसतं. टुटाचा सुरुंगही, म्हणजे अळीने पानाच्या आत पोखरलेली वाटही, सुरुवातीला अरुंदच असते, पण अळी वाढते तशी ती पसरून फुगवट्यासारखा डाग होतो आणि आत काळी विष्ठा साचलेली दिसते. पान उजेडाकडे धरा, सुईने पापुद्रा उचला, अळी बाहेर काढा. तपकिरी-काळं डोकं आणि पुढे पायांच्या तीन जोड्या दिसल्या तर ती पतंगाची अळी. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि निम्म्या चुका इथेच संपतात.

फळावरची खूण आणखी सोपी आहे. टुटाचं छिद्र टाचणीने टोचल्यासारखं असतं, बरेचदा देठाजवळ. मोठं गोल भोक आणि अर्धी अळी बाहेर, हे फळ पोखरणाऱ्या हिरव्या अळीचं, म्हणजे हेलिकोव्हर्पाचं काम.

बटाट्यावरच्या पाकोळीशी गल्लत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो आणि शेजारच्या आंबेगाव-खेडमध्ये बटाटा. दोन्ही पिकांवरचे पतंग गेलेचिडी या एकाच कुळातले. बटाट्यावरची पाकोळी टोमॅटोची पानंही पोखरते आणि टुटा बटाट्याच्या पानावरही वाढतो. त्यामुळे पीक पाहून नाव देता येत नाही.

आकार पाहा. टुटाचे पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत साधारण १० मिमी भरतात, बटाट्याच्या पाकोळीचे १२ ते १६. तिच्या मादीच्या पाठीवर, पंख मिटलेले असताना, इंग्रजी एक्ससारखी गडद नक्षी दिसते. टुटाच्या करड्या पुढच्या पंखांवर विखुरलेले काळपट ठिपके असतात, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) मण्यांच्या माळेसारख्या गडद-फिक्या पट्ट्यांच्या, आणि तोंडापुढचे स्पर्शक वर वळलेले. स्पर्शक वर वळलेले असणं मात्र या कुळात सर्रास आढळतं, त्यामुळे एकट्या त्या खुणेवर निवाडा करू नका.

अळीत फरक जास्त स्वच्छ दिसतो. डोक्यामागच्या पहिल्या वलयावर एक कडक ढाल असते. बटाट्याच्या पाकोळीच्या अळीत ती सबंध गडद असते. टुटात ढाल फिकी आणि फक्त मागच्या कडेला काळी पट्टी. दहापट भिंगाने हे दिसतं. माझा सल्ला असा: पतंगावरून शंका असेल तर अळीकडे जा.

चिकट सापळ्यातला नमुना

मादीच्या वासासारखा गंध लावलेला कामगंध सापळा नरांना ओढतो, पण त्यात जवळच्या इतर जातींचे पतंगही अडकतात. शिवाय चिकट कागदावर पंखांचे खवले निघून जातात आणि पाण्याच्या टबातला पतंग भिजून काळा पडतो. ज्या खुणा पाहायच्या त्याच पुसलेल्या. अशा नमुन्यावरून एखाद्या तालुक्याची पहिली नोंद करू नका.

त्यापेक्षा सुरुंग असलेली पानं डब्यात टिश्यू पेपरवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. साधारण २७ अंश तापमानात अंड्यापासून पतंगापर्यंत सगळा प्रवास २४ दिवसांत होतो, म्हणजे मोठी अळी असेल तर फार थांबावं लागत नाही. बाहेर आलेला पतंग फ्रीजरमध्ये ठेवून मारा. खवले शाबूत राहतात, आणि नमुना कोणत्या झाडावर वाढला याचा पुरावाही हाती राहतो. डीएनए तपासणीसाठी एक-दोन अळ्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मालिन नको.

तरीही पक्की ओळख नराच्या जननेंद्रियांवरूनच होते. पोट वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात मऊ करतात आणि स्लाइड बनवतात. हे जाणकाराकडूनच करून घ्या, आणि ती स्लाइड व तो पतंग यांना एकच क्रमांक द्या. क्रमांक नसलेली स्लाइड पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

वर्णनात ‘लहान, करडा’

एवढ्यावर शंभर जाती बसतात. किती नमुने मोजले, नर किती, माद्या किती, आणि लांबी कशाची मोजली ते लिहा. पुढच्या पंखाची लांबी आणि पसरलेल्या पंखांचा विस्तार या वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोत मिमीची पट्टी ठेवा.

ठिकाण अर्धवट लिहिणं

चिठ्ठीवर ‘पिंपळगाव’ एवढंच लिहिलेलं मी पाहिलं आहे. महाराष्ट्रात पिंपळगावं आणि वडगावं किती आहेत! गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव, हे सगळं त्याच दिवशी, शेतात उभं राहून लिहा.

बाजार समितीतल्या क्रेटमध्ये सापडलेला पतंग ही त्या गावाची नोंद नव्हे. माल कुठल्या कुठल्या तालुक्यांतून येतो, आणि हा किडा फळं आणि रोपं यांच्यासोबतच देशोदेशी फिरला. तशी नोंद करायचीच तर ‘बाजारात, मूळ शेत अज्ञात’ असं स्पष्ट लिहा. शेतात अळ्या सापडल्या तरच तो तिथे वाढतो आहे असं म्हणता येतं. टोमॅटो नसलेल्या महिन्यांत बांधावरची कामोणी आणि धोतरा बघायला विसरू नका. वांग्याच्या कुळातल्या या झाडांवरही तो तग धरतो.

नाव आणि कंस

कीटकशास्त्रज्ञ मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरूतल्या वांकायो इथल्या नमुन्यावरून या जातीचं वर्णन केलं, तेव्हा तिला थोरिमिया या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) ठेवलं होतं. पुढे ती इतर प्रजातींत फिरली, १९९४ मध्ये टुटा या प्रजातीत गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा थोरिमियात आणली गेली. शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव लिहितात. टुटा ॲब्सोल्युटा लिहिलंत तर मेरिक कंसात येतात, कारण त्यांनी दिलेली प्रजाती बदललेली आहे. थोरिमिया ॲब्सोल्युटा लिहिलंत तर कंस काढायचा. जुना प्रसार शोधताना स्क्रोबिपाल्प्युला आणि स्क्रोबिपाल्प्युलॉयडिस या नावांखालीही पाहा, नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी नोंदी तुमच्या नकाशात येणारच नाहीत.