दम्यामुळे अडलेला फॉर्म १-अ

ट्रकचं लायसन रिन्यू करायचं म्हटलं की फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांनी भरून द्यायचा तब्येतीचा दाखला, आलाच. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, आतली शिट्टी ऐकली आणि पेन खाली ठेवलं. "आधी छातीच्या डॉक्टरला दाखवून या."

खरं तर त्या फॉर्ममध्ये भर असतो तो दूरची नजर, कान, हातपाय आणि सांधे यांवर. दम्याचं नाव कुठंच नाही. पण खाली 'फिट' म्हणून सही त्यांची असते. घाटात खोकल्याची उबळ येऊन स्टेअरिंग हललं तर? त्यांचंही बरोबरच होतं.

छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून घ्यायची फुफ्फुसांची तपासणी, केली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभर श्वास घ्यायचा आणि जोरात सोडायचा, पार रिकामं होईपर्यंत. बाजूला बाई ओरडतात, "अजून, अजून, थांबू नका!" डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मग सालब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, देऊन पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात सुटणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीच्या वर वाढली, तर श्वासनळ्या औषधानं मोकळ्या होतात असं धरतात. माझी वाढली.

रोजचा स्टेरॉइडचा पंप सुरू झाला. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या गाडीवर बंद. छाती मोकळी झाल्यावर रिपोर्ट आणि चिठ्ठी घेऊन पहिल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पुन्हा छाती तपासली, सही-शिक्का दिला. दम लागला की घ्यायचा निळा पंप आता डॅशबोर्डवर नाही, खिशात असतो. उन्हात तापवायचा नसतो तो.