सिंगल-शॉट पिस्तुलासाठी कॅलिबर कसं निवडावं

सिंगल-शॉट पिस्तुलात मॅगझिन नसतं, सिलिंडरही नसतो. एक काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) जातं, उडतं आणि रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, हाताने काढावी लागते. त्यामुळे एरवी रायफलीतच दिसणारी लांब काडतुसंही यात चालतात. रेमिंग्टनने १९६३ मध्ये .२२१ फायरबॉल काडतुसासाठी बोल्टची एक्सपी-१०० आणली, १९६७ मध्ये थॉम्पसन/सेंटरची मोडून उघडणारी कंटेंडर आली, आणि पिन काढून नळी बदलण्याची सोय झाल्यावर अमेरिकेत हातातल्या पिस्तुलाने शिकार आणि लांबच्या नेमबाजीचा स्वतंत्र छंदच उभा राहिला. नळ्या डझनावारी कॅलिबरच्या, म्हणजे काडतुसाच्या मापांच्या, मिळतात, म्हणून नवा माणूस पहिल्या फेरीतच सगळ्यांत दणकट कॅलिबर उचलतो. बहुतेक वेळा ती चूक ठरते. निवड उलट्या टोकाने करावी: गोळी कशाला लागायची आहे, किती अंतरावर, आणि तिथे पोहोचताना तिचा वेग किती उरेल.

लक्ष्य कागदाचं, लोखंडाचं की जनावर?

कागदावर भोक पाडायला ताकद लागत नाही. तिथे .२२ लाँग रायफलला तोड नाही, आणि पुढे कोणतंही कॅलिबर घ्यायचं असलं तरी .२२ ची एक नळी जवळ असावीच. चाप दाबण्याची सवय झटक्याविना लागते आणि काडतुसांचा खर्च हाताबाहेर जात नाही.

लोखंडी सिलुएटचं, म्हणजे जनावराच्या आकाराच्या लक्ष्याचं, गणित वेगळं. आयएचएमएसए या सिलुएट नेमबाजीच्या संघटनेच्या मोठ्या कॅलिबरच्या सामन्यात कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० वर असतो. मेंढा पंचवीस किलोच्या आसपासचा पोलादी पत्रा आहे. त्याला नुसती गोळी लागून भागत नाही, तो आडवा पडावा लागतो. पाडण्याचं काम ऊर्जेपेक्षा संवेग करतो, म्हणजे वजन गुणिले वेग. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वेगात येते, पत्र्यावर फुटते आणि मेंढा कित्येकदा उभाच राहतो. ७ मिमी टीसीयू या खेळात गाजलं ते याचमुळे: .२२३ चीच केस, तिची मान ७ मिमीपर्यंत रुंदावलेली, गोळी १३० ते १४० ग्रेनची, १४ इंची नळीतून साधारण २,००० फूट प्रति सेकंद. मेंढा पडतो आणि दिवसभर गोळ्या झाडल्या तरी मनगट कुरकुरत नाही.

शिकारीत प्रश्न गोळी उमलण्याचा, म्हणजे आत शिरताना तिचं तोंड पसरण्याचा आहे, आणि लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. रायफलीसाठी बनवलेली बरीच गोळी जाड जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या आवरणाची) असते. २,७०० ते ३,००० फुटांच्या वेगाने निघावी असं धरून ती घडवलेली असते. तीच १४ इंची नळीतून २,१०० ने निघाली आणि दीडशे यार्डांवर १,८०० वर आली, तर न उमलता सुईसारखी आरपार जाते आणि हरीण जखमी होऊन पळतं. म्हणून पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेली, पातळ जॅकेटची गोळी घ्या. हॉर्नडीने एसएसपी नावाने अशा गोळ्या खास सिंगल-शॉट पिस्तुलांसाठी काढल्या होत्या. नाहीतर .३०-३० विंचेस्टरच्या वेगासाठी बनवलेली १५० ग्रेनची गोळी बघा. ती पिस्तुलाच्या वेगातही नीट उमलते. .३०-३० ला इथे आणखी एक फायदा मिळतो. लिव्हर-ॲक्शन रायफलीच्या नळीदार मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे तळाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीला, टेकतं, म्हणून तिथे टोकदार गोळी धोक्याची. सिंगल-शॉटमध्ये ती अडचणच नाही.

वेगाचा हिशोब

छापील आकडे २४ इंची रायफलीचे असतात. नळी जितके इंच लहान, तितके इंच गुणिले २५ ते ५० फूट एवढा वेग वजा करा. दारू जास्त आणि जळायला संथ असेल, तर ५० कडे झुका. मग ऊर्जा काढा: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,४३७. उत्तर फूट-पाउंडात येतं.

७-३० वॉटर्सची १२० ग्रेनची गोळी २,३५० ने निघाली तर नळीच्या तोंडाशी सुमारे १,४७० फूट-पाउंड होतात, आणि दीडशे यार्डांवर वेग २,०५० उरला तर १,१०० च्या वर. हरणासाठी १,००० फूट-पाउंडांचा जुना ढोबळ नियम आहे, त्यात हे बसतं. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी १,५०० ने निघून शंभर यार्डांवर १,२०० च्या आसपास येते, म्हणजे ७७० फूट-पाउंड. आकड्याने ती नापास होते, तरी पाऊणशे-शंभर यार्डांपर्यंत तिने हरणं पडतात, कारण जाड आणि जड गोळीचं काम भोकाच्या व्यासावर आणि खोलीवर चालतं. हा नियम वेगवान लहान गोळ्यांसाठीच वापरा. मोठ्या व्यासाला तो लावू नका.

व्हाइटटेल हरीण दीडशे यार्डांच्या आत असेल, तर .३०-३० किंवा ७-३० वॉटर्स याच्या पलीकडे बघायची गरज नाही. दाट झाडीत .३५ रेमिंग्टन किंवा .४४ मॅग्नम उत्तम. प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या लहान प्राण्यासाठी .२२३ घ्या. नळीचे आटे (आतल्या पिळाच्या खाचा) १२ इंचांत एक फेरा असे असतील, तर गोळी ५५ ग्रेनच्या वर नेऊ नका. लांब गोळी स्थिर होत नाही आणि कागदावर आडवी भोकं दिसू लागतात.

फ्रेम किती सोसते

कंटेंडरमध्ये .३०८ का चालत नाही, हे गुणाकार केल्यावर कळतं. काडतुसाचा तळ मागे किती जोराने ढकलतो, याचा ढोबळ आकडा म्हणजे कमाल दाब गुणिले तळाचं क्षेत्रफळ. .२२३ चा दाब ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) आहे, पण तळ ०.३७६ इंचांचाच, म्हणून जोर सुमारे ६,१०० पाउंड. .३०-३० चा दाब ४२,०००, तळ ०.४२२, जोर ५,९०० च्या आत. .४४ मॅग्नमही तेवढ्यावरच थांबतं. .३०८ विंचेस्टरचा दाब ६२,००० आणि तळ ०.४७० इंचांचा, म्हणून जोर १०,७०० पाउंडांच्या वर जातो. त्यासाठी थॉम्पसन/सेंटरचीच जाड फ्रेमची एन्कोर लागते. दोन्हींच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत, तेव्हा जुनी नळी विकत घेताना फ्रेम कोणती ते आधी विचारा. कंटेंडरच्या घोड्यावर रिमफायर (.२२ सारखं, तळाच्या कडेवर ठोकून उडणारं काडतूस) आणि सेंटरफायर (मधल्या प्रायमरवर ठोकून उडणारं) निवडण्याची सोय असते. नळी बदलल्यावर ती फिरवायला विसरलात तर नुसता टक आवाज येईल. अशा वेळी पिस्तूल लगेच उघडू नका. तोंड लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण तीस सेकंद थांबा.

झटका

चार पाउंडांच्या पिस्तुलात .२२३ चा झटका पाच फूट-पाउंडांच्या आसपास असतो, .३०-३० चा पंधरा. साडेचार पाउंडांच्या एन्कोरमध्ये .३०८ बावीसवर जातं आणि .४५-७० हलक्या भारातही तीसच्या पुढे. खांदा नाही, सगळं मनगटावर. पंधराच्या वर गेलं की बहुतेकांचा हात चाप दाबण्याआधीच आकसतो, आणि मग शंभर यार्डांवरचा नेम हातभर सरकतो. मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणाऱ्या तुकड्याने, झटका खूप कमी होतो, पण आवाज बाजूंना फेकला जातो, तेव्हा कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही हवेत. मोठ्या कॅलिबरवर दुर्बीण दोन रिंगांवर टिकत नाही. तीन किंवा चार रिंगा लावा, नाहीतर दुर्बीण पुढे घसरत राहते आणि दोष काडतुसांवर जातो.

रिम असलेली केस की बिनरिमची?

मोडून उघडणाऱ्या पिस्तुलात रिमवाली, म्हणजे तळाशी बाहेर आलेली कड असलेली, केस बिनतक्रार चालते. ती रिमवर टेकते आणि एक्स्ट्रॅक्टर (केस मागे ओढणारा आकडा) तिला सहज धरतो. .२२३ किंवा ७ मिमी टीसीयूसारखी बिनरिमची केस खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकते. घरी काडतुसं भरताना साइझिंग डाय (केस पुन्हा मापात आणणारा साचा) केस धरणाऱ्या होल्डरला टेकेपर्यंत खाली नेला, तर खांदा जास्त मागे ढकलला जातो आणि केस चेंबरमध्ये सैल बसते. मग कधी प्रायमरवर नुसता उथळ डाग पडतो आणि गोळी उडत नाही, कधी दर फेऱ्याला केस ताणत जाऊन तळाशी फाटते.

तपासायची रीत सोपी आहे. नळी फ्रेममधून काढा, साइझ केलेली रिकामी केस चेंबरमध्ये सोडा आणि मागच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरा. केसचा तळ पट्टीला लागावा किंवा काही हजारांश इंच खाली असावा. जास्त खाली असेल तर डाय पाव फेरा वर घ्या आणि पुन्हा बघा. पट्टी तळावर डोलत असेल तर केस बाहेर आहे आणि पिस्तूल नीट मिटणार नाही. वापरलेल्या केसमध्ये तळाच्या किंचित वर चकाकती रेघ दिसली, तर वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. खाच लागली की ती केस फेकून द्या. दारूचा भार नेहमी त्याच पिस्तुलासाठी छापलेल्या तक्त्यातून घ्या, रायफलीच्या तक्त्यातून नाही.

पैसे मोजण्याआधी राज्याचे शिकारीचे नियम वाचा. अमेरिकेत ते राज्यागणिक बदलतात: कुठे गोळीचा किमान व्यास ठरलेला, कुठे किमान ऊर्जा, कुठे सरळ भिंतीच्याच, म्हणजे मान न आवळलेल्या, केसला परवानगी. सिलुएटसाठी घेतलेलं सुंदर ७ मिमी टीसीयू अशा राज्यात हरणासाठी चालणार नाही. तिथे .४४ मॅग्नमची दुसरी नळी घेणंच शहाणपणाचं.